सहकाऱ्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर

एक शिक्षक दुसऱ्याच्या वर्गात येऊन बसला की मुले ताठ होतात आणि शिकवणाराही. तपासणीची सवय इतकी मुरलेली आहे की पाहणारा चुकाच मोजणार, असे सारे धरून चालतात. ही धास्ती घालवल्याशिवाय सहकाऱ्याला काहीच शिकवता येत नाही, असे आम्ही मानतो.

इन्सुली हे सावंतवाडी तालुक्यातले, गोव्याच्या हद्दीजवळचे गाव. मुलांची घरची बोली मालवणी. जिल्ह्यात बाहेरून आलेले शिक्षकही बरेच. पहिलीतले मूल ‘माका कळूक नाय’ म्हणते, तेव्हा आधी त्याची भाषा सुधारायची की वजाबाकी पुन्हा समजवायची? इथला शिक्षक जाणतो की मूल मदत मागते आहे. बाहेरून आलेल्याकडे कदाचित काड्यांच्या गठ्ठ्यांनी वजाबाकी उलगडण्याची हातोटी असते. दोघांनी एकमेकांचे वर्ग पाहिले तर लाभ मुलाचाच.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. फरशीवर रंगवलेल्या आकृत्या, मण्यांच्या माळा त्यांनी पाहिल्या. पण फरशी रंगवून वर्ग बदलत नाही. मुलाच्या हातात मणी का द्यायचे, हे उमगावे लागते. त्यासाठी एका भेटीपेक्षा शेजारच्या शाळेतला सोबती अधिक उपयोगी.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. त्यातले काही तास सभागृहातल्या भाषणांऐवजी एकमेकांच्या वर्गात जावेत.

आमचे नियम साधे आहेत. बोलावल्यावरच जावे. काय पाहायचे, ते शिकवणाऱ्याने ठरवावे. नजर शिक्षकावर नव्हे, मुलांच्या वह्यांवर असावी. नसीहत चारचौघांत केली तर ती फजिती होते. म्हणून बोलणे एकांतात, आणि सुरुवात प्रश्नाने. जे कळले ते वरिष्ठांच्या कानी घालू नये, ती अमानत आहे. आणि आपल्या वर्गाचे दारही तितकेच उघडे ठेवावे.

आपल्या घरातली लेक किंवा सून नुकतीच शिक्षिका झाली असेल, तर तिला पगार आणि बदलीबरोबर हेही विचारा: अडलेला धडा तू कुणाला दाखवतेस? दोनशिक्षकी शाळेत हे दोघे एकमेकांशी बोललेच नाहीत, तर मुलाला तिसरे दार नसते.