बेताच्या पैशांत डीएसएलआर कॅमेरा

डीएसएलआर कॅमेरा घेताना दुकानात ज्या आकड्याची सर्वाधिक चर्चा होते तो मेगापिक्सेलचा असतो, आणि महिन्याच्या खर्चातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून खरेदीला निघालेल्या कुटुंबाची दिशाभूलही बहुतेक वेळा याच आकड्यामुळे होते. छायाचित्राचा तांत्रिक दर्जा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: लेन्समधून किती प्रकाश आत येतो आणि तो केवढ्या पृष्ठभागावर टिपला जातो. त्यामुळे रक्कम मर्यादित असेल तेव्हा कोणत्या कंपनीचा कोणता नमुना घ्यावा यापेक्षा, असलेली रक्कम कॅमेऱ्याची बॉडी, लेन्स आणि पूरक साहित्य यांत कशी वाटावी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि या वाटणीत बॉडीवरचा खर्च आवरून लेन्ससाठी पैसे राखून ठेवणे हेच शहाणपणाचे आहे, हे पुढील विवेचनातून स्पष्ट व्हावे.

या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरका बसवलेला एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वरच्या दिशेला वळवतो, तेथून प्रिझममधून किंवा लहान आरशांच्या जुळणीतून हा प्रकाश डोळा लावायच्या खिडकीपर्यंत, म्हणजे व्ह्यूफाइंडरपर्यंत पोहोचतो, आणि बटण दाबताच आरसा वर उचलला जाऊन शटर नावाचा पडदा ठरावीक काळ उघडतो व तोच प्रकाश सेन्सरवर, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणाऱ्या चिपवर पडतो. व्ह्यूफाइंडरमधील दृश्य अशा रीतीने थेट लेन्समधूनच येत असल्यामुळे ते दिसण्यासाठी पडद्याला वीज पुरवावी लागत नाही. निकॉन डी३५०० या साध्या नमुन्याची बॅटरी प्रमाणित चाचणीत एका चार्जिंगवर सुमारे १५५० छायाचित्रे देते, ते यामुळेच. या जातीचा पहिला व्यावसायिक कॅमेरा कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीवर तयार केला. त्याचा सेन्सर १.३ मेगापिक्सेलचा होता आणि छायाचित्रे साठवण्याचे यंत्र वेगळे, खांद्याला अडकवून न्यावे लागे. सामान्य ग्राहकाच्या आवाक्याकडे हा प्रकार वळला तो २००३ मध्ये, जेव्हा कॅननने ३००डी हा ६ मेगापिक्सेलचा कॅमेरा अमेरिकेत १००० डॉलरच्या आत आणला.

त्या ६ मेगापिक्सेलचा हिशेब आजही उद्बोधक आहे. निकॉनच्या त्या काळातील डी७० आणि डी४० या कॅमेऱ्यांचे छायाचित्र ३००८ × २००० बिंदूंचे असे, आणि छपाईसाठी उत्तम मानले जाणारे इंचाला ३०० बिंदूंचे प्रमाण धरले तरी त्यातून सुमारे १० × ६.७ इंचांची नितळ प्रत निघते. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरमधून, म्हणजे ६००० × ४००० बिंदूंमधून, २० × १३ इंचांची प्रत निघते, जी बहुतेक घरांत भिंतीवर लावल्या जाणाऱ्या तसबिरींपेक्षा मोठी आहे. आणि फोर-के दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याला तर जेमतेम ८.३ मेगापिक्सेल पुरतात. दहाबारा वर्षांपूर्वीचा १६ किंवा १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घरगुती गरजेला कमी पडेल, ही भीती म्हणूनच निराधार आहे.

सेन्सरच्या आकाराचे मात्र तसे नाही. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या डीएसएलआरमध्ये वापरला जाणारा एपीएस-सी सेन्सर कॅननमध्ये सुमारे २२.३ × १४.९ मिलिमीटर आणि निकॉनमध्ये सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर असतो, तर अनेक मध्यम किमतीच्या फोनमधील मुख्य सेन्सर १ सेंटिमीटरही रुंद नसतो. मोठ्या पृष्ठभागावर अधिक प्रकाश गोळा होतो आणि अंधुक जागी दाणेदारपणा कमी राहतो. फोन ही उणीव पुष्कळशी गणिताने भरून काढतो. तो एकापाठोपाठ अनेक छायाचित्रे घेऊन त्यांचे एकत्रीकरण करतो, आणि स्थिर दृश्यासाठी, प्रवासातल्या किंवा दिवसाउजेडीच्या छायाचित्रांसाठी ही पद्धत इतकी चांगली चालते की ज्या कुटुंबाची गरज तेवढीच आहे त्याने डीएसएलआरवर खर्च करू नये, हा सल्ला प्रामाणिकपणे द्यावाच लागतो. हलणाऱ्या, दूरच्या आणि कमी प्रकाशातील विषयांपाशी फोनचे गणित अडखळते. रंगमंचावर नाचणारे मूल, मैदानावरचा कबड्डीपटू, तळ्याकाठचा खंड्या हे या कॅमेऱ्याचे खरे विषय आहेत, आणि ते टिपायचे तर लेन्सचा विचार आधी करावा लागतो.

लेन्सची ओळख दोन आकड्यांनी होते. पहिला नाभीय अंतराचा, मिलिमीटरमध्ये दिलेला. तो जितका मोठा तितके दृश्य जवळ येते आणि चौकटीत मावणारे क्षेत्र अरुंद होते. दुसरा आकडा छिद्राचा, म्हणजे अॅपर्चरचा. एफ या अक्षरानंतर येणारा हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे आणि आत येणारा प्रकाश अधिक. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सला किट लेन्स म्हणतात. तिच्या ५५ मिलिमीटरच्या टोकाला छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ एवढेच उघडते. याउलट झूमची सोय नसलेली, एकच नाभीय अंतर असलेली ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स साधारण तेवढ्याच दृश्यासाठी जवळपास दहापट प्रकाश आत घेते. दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या स्वस्तातल्या स्वस्त लेन्समध्ये तिची गणना होते, आणि मर्यादित पैशांत घेण्याजोगी याहून मोलाची वस्तू या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

हा दहापटीचा फरक प्रत्यक्षात काय करतो हे शाळेच्या स्नेहसंमेलनावरून समजून घेता येते. नाचणारे मूल पुसट न येता टिपण्यासाठी शटर साधारणपणे सेकंदाच्या २५० व्या भागापुरतेच उघडावे लागते. मंचावर प्रकाश बेताचा असेल तर एफ ५.६ ला योग्य उजळपणा येण्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरकडून आलेला संकेत वाढवण्याचे प्रमाण, ६४०० पर्यंत न्यावे लागते आणि चेहऱ्यांवर दाणे उमटू लागतात. त्याच जागी, त्याच वेगाने, एफ १.८ च्या लेन्सने आयएसओ ६४० च्या आसपास काम भागते आणि त्वचेचा पोत व कपड्यांचे रंग स्वच्छ राहतात. किट लेन्समध्ये असणारी कंपनरोधक यंत्रणा येथे मदतीला येत नाही, कारण ती छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते, मुलाची हालचाल नव्हे. मोठ्या छिद्राची किंमतही आहे: एवढे उघडलेले छिद्र थोड्याच खोलीतील वस्तू ठळक दाखवते, त्यामुळे एका रांगेतील चेहरा सुस्पष्ट आणि मागच्या रांगेतील धूसर असे होऊ शकते. शिवाय एपीएस-सी सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरपेक्षा लहान असल्यामुळे ५० मिलिमीटरची लेन्स कॅननवर सुमारे ८० आणि निकॉनवर सुमारे ७५ मिलिमीटरएवढे अरुंद दृश्य दाखवते. सभागृहाच्या पुढच्या रांगांतून ते सोयीचे असते, पण घरातल्या लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते. खोलीतील छायाचित्रेच प्रामुख्याने काढायची असतील तर निकॉन वापरणाऱ्याने एपीएस-सीसाठी बनवलेली ३५ मिलिमीटर एफ १.८ लेन्स पाहावी.

बॉडी निवडताना मेगापिक्सेलऐवजी ज्या बारीकसारीक गोष्टी तपासायच्या, त्या जाहिरातीत ठळकपणे लिहिलेल्या नसतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर बॉडीत नसते. त्यामुळे जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्स त्यांवर बसतात खऱ्या, पण फोकस हातानेच करावा लागतो. डी७००० मालिकेत ही मोटर आहे, आणि म्हणूनच वापरलेला डी७००० किंवा डी७१०० हा एखाद्या नव्याकोऱ्या प्राथमिक नमुन्यापेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगाचा ठरतो. कॅननच्या ईओएस मालिकेत मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच असल्यामुळे ही अडचण येत नाही, तथापि तेथे काटकसर वेगळ्या ठिकाणी केलेली आढळते: ३०००डी या नमुन्यात लेन्स बसवण्याची कडी धातूऐवजी प्लास्टिकची आहे आणि चष्मा लावणाऱ्यांना उपयोगी पडणारी, व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या नंबरानुसार जुळवण्याची सोय नाही, १५००डी आणि २००डी मार्क-२ या नमुन्यांत फ्लॅश बसवण्याच्या खाचेतील मधला संपर्कबिंदू काढून टाकलेला असल्याने इतर कंपन्यांचे साधे, स्वस्त फ्लॅश त्यांवर चालत नाहीत. चलच्चित्रणाची आवड असलेल्यांनी मागच्या पडद्यावर पाहून फोकस किती वेगाने होतो ते पाहावे. कॅननने २०१३ मध्ये ७०डी या कॅमेऱ्यात आणलेले, सेन्सरवरच फोकस साधणारे ड्युअल पिक्सेल तंत्र २००डीमध्ये आहे, १५००डीमध्ये नाही.

वापरलेल्या कॅमेऱ्याचा उल्लेख वर आला, आणि या विषयातील सर्वांत मोठी संधी तेथेच आहे. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन या दोघांनी पूर्ण आकाराच्या सेन्सरचे, आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आणले, २०२० नंतर दोघांनीही नवा डीएसएलआर नमुना काढलेला नाही, आणि सोनीने २०२१ मध्ये या प्रकारातून अंग काढून घेतले. लग्नसमारंभांचे छायाचित्रण करणारे व्यावसायिक मिररलेसकडे वळल्यामुळे त्यांच्या डीएसएलआर बॉडी आणि लेन्स जुन्या बाजारात आल्या. तंत्र मागे पडले की किंमत घसरते, छायाचित्राचा दर्जा मात्र घसरत नाही. दहा वर्षांपूर्वी ज्या कॅमेऱ्याने लग्नाचे अल्बम तयार झाले तो आजही तसेच छायाचित्र काढतो.

अर्थात पारख आवश्यक आहे. शटर हा यंत्रातील झिजणारा भाग असून निकॉनने डी३५०० आणि डी५६०० यांच्या शटरची चाचणी १ लाख उघडझापींपर्यंत, तर डी७२०० ची दीड लाखापर्यंत केलेली आहे. आतापर्यंत किती उघडझाप झाली हा आकडा निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक साध्या नमुन्यांसाठी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळ्या प्रणालीने तो वाचावा लागतो. सेन्सरवरची धूळ आणि डाग पाहण्यासाठी छिद्र एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचे किंवा निरभ्र आकाशाचे छायाचित्र घ्यावे आणि ते पडद्यावर मोठे करून पाहावे. लेन्सच्या एका बाजूने टॉर्चचा प्रकाश सोडून दुसऱ्या बाजूने निरखल्यास आतील बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण बुरशी काचेवरचा लेप कायमचा खराब करू शकते आणि उघडून स्वच्छ करण्याचा खर्च बचत गिळून टाकतो. मुंबईत फोर्ट भागातील बोरा बाजारासारख्या ठिकाणी कॅमेऱ्यांची अनेक दुकाने शेजारीशेजारी असल्याने एकच नमुना चार ठिकाणी हाताळून पाहता येतो. नवा कॅमेरा अनपेक्षितपणे स्वस्त मिळत असेल तर तो अधिकृत वितरकाकडून आलेला आहे की परस्पर आयात केलेला, हे विचारावे. परस्पर आलेल्या वस्तूला कंपनीची भारतातील हमी सहसा लागू होत नाही. पावतीवरचा आणि बॉडीवरचा अनुक्रमांक जुळतो हे दुकानातच पाहून घेणे इष्ट.

समजा एखाद्या कुटुंबाने ४०,००० रुपये ठरवले आहेत. त्यांतील निम्म्याच्या आसपास रक्कम किट लेन्ससह वापरलेल्या बॉडीसाठी, चौथा हिस्सा मोठ्या छिद्राच्या लेन्ससाठी, आणि उरलेली मेमरी कार्ड, जादा बॅटरी, धूळ उडवण्याचा रबरी फुगा व छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी हार्ड डिस्क यांसाठी, अशी वाटणी योग्य म्हणता येईल. पक्ष्यांची आवड असलेल्या घरात हा चौथा हिस्सा ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरच्या दूरदर्शी लेन्सकडे जाईल, आणि ते रास्तच आहे. सेन्सरने नोंदलेली सर्व माहिती जशीच्या तशी ठेवणारी रॉ प्रकारची फाइल २४ मेगापिक्सेलला साधारण २५ मेगाबाइट जागा घेते, तेव्हा ६४ गिगाबाइटच्या एका कार्डात दोन हजारांहून अधिक छायाचित्रे मावतात. कार्ड मात्र खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे, कारण नकली कार्डांवर छापलेली क्षमता प्रत्यक्षात नसते आणि भरलेल्या कार्डावरची छायाचित्रे परत मिळत नाहीत.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्यांसाठी आणखी एक लहानसा खर्च टाळता न येण्याजोगा आहे. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लेन्समध्ये बुरशीला पोषक वातावरण तयार होते, म्हणून कॅमेरा चामड्याच्या पेटीत किंवा कपड्यांच्या कपाटात न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या कणांसह ठेवावा आणि डब्यात एक स्वस्त आर्द्रतामापक टाकून काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहतो का ते पाहत राहावे. रंग बदललेले कण गरम करून पुन्हा वापरता येतात.

अशी जपलेली लेन्स बॉडीपेक्षा जास्त काळ उपयोगी पडते. कॅननच्या ईएफ लेन्स अॅडॅप्टरच्या साहाय्याने त्याच कंपनीच्या आर मालिकेतील मिररलेस कॅमेऱ्यांवर स्वयंचलित फोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरवर स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स फोकस करतात, एएफ-डी लेन्स करत नाहीत. पुढे कधी मिररलेस घेण्याचा विचार असणाऱ्या निकॉन वापरणाऱ्याने म्हणूनच स्वस्त एएफ-डी लेन्सपेक्षा थोडे अधिक देऊन एएफ-एस लेन्स निवडावी, आणि हा निर्णय पहिल्या खरेदीच्या वेळीच करावा.