पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया आणि भूल : मूल लवकर सावरणं कशावर अवलंबून असतं?



वर्गात मुलं वाकून दप्तर उचलतात तेव्हा एखाद्या मुलाची पाठ एका बाजूला उंच दिसते, एक खांदा वर, एक खाली. पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या या स्थितीला स्कोलिओसिस म्हणतात. एक्स-रेमध्ये बाक 10 अंशांहून जास्त असेल तर हे नाव दिलं जातं. बहुतेक मुलांना फक्त तपासणी किंवा पट्टा पुरतो. बाक साधारण 45 ते 50 अंशांच्या पुढे गेला की मात्र डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

अशा वेळी पालकांचा पहिला प्रश्न शस्त्रक्रियेबद्दल नसतो, भुलीबद्दल असतो. "इतके तास बेशुद्ध ठेवणार, मूल नीट जागं होईल ना?" कोणी सांगतं, भूल दिली की पाठ कायमची दुखते. कोणी म्हणतं, डोकं मंद होतं. पालक हे प्रश्न डॉक्टरांआधी आपल्यालाच विचारतात. म्हणून चला, विषय नीट समजून घेऊया.

संपूर्ण भूल म्हणजे काय?

संपूर्ण भूल ही चार कामांची जोडणी असते : शुद्ध हरपणे, वेदना थांबणे, स्नायू सैल होणे आणि त्या वेळचं काही न आठवणे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ देऊन शस्त्रक्रियेसाठीची भूल जाहीरपणे दाखवली. तेव्हा एकच औषध सगळी कामं करायचं. आज प्रत्येक कामाला वेगळं औषध असतं आणि भूलतज्ज्ञ त्यांचं प्रमाण मिनिटामिनिटाला कमी-जास्त करतात.

आणि हो, संपूर्ण भुलीसाठी पाठीत सुई टोचत नाहीत. पाठीतलं इंजेक्शन ही भुलीची वेगळी पद्धत आहे. कमरेच्या काही छोट्या शस्त्रक्रियांत ती वापरता येते. स्कोलिओसिससारख्या लांबलचक शस्त्रक्रियेसाठी मात्र संपूर्ण भूलच लागते.

दोन मुख्य मार्ग

1) वायूची भूल : सेव्होफ्लुरेन, डेस्फ्लुरेन यांसारखी औषधं श्वासातून दिली जातात.

2) शिरेतून भूल : प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध पंपाने सतत दिलं जातं. सोबत रेमिफेंटानिलसारखं वेदनाशामक असतं.

दोन्ही मार्ग सुरक्षित आहेत आणि रोज वापरले जातात. मग मणक्याच्या शस्त्रक्रियेत निवडीला एवढं महत्त्व का?

कारण पहिले : मज्जारज्जूवरचा पहारा

चेतासंस्थेच्या पाठात आपण शिकवतो की मेंदूचा आदेश मज्जारज्जूतून स्नायूंपर्यंत जातो. कणा सरळ करताना याच मज्जारज्जूवर ताण येऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना डोक्यावरून सौम्य विद्युत संकेत देतात आणि पायाच्या स्नायूंत तो पोहोचतो का, हे पाहतात. संकेत क्षीण झाला तर सर्जन लगेच ताण कमी करतात.

वायूची भूल हा संकेत बराच दाबते. प्रोपोफॉल त्या मानाने कमी दाबतं. म्हणून अशा शस्त्रक्रियेत बहुधा शिरेतली भूल पसंत करतात. स्नायू सैल करणारं औषधही सुरुवातीला श्वासनळीत नळी घालण्यापुरतंच देतात, कारण स्नायू पूर्ण सैल असले तर उत्तर कुठून येणार? ही यंत्रं येण्यापूर्वी, 1973 मध्ये स्टॅग्नारा आणि सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती मांडली होती : मधेच भूल हलकी करायची आणि रुग्णाला पाय हलवायला सांगायचं. शंका आली तर आजही ही चाचणी करतात.

म्हणजे बरे होण्याच्या दृष्टीने भुलीचा सर्वांत मोठा वाटा हाच : पायांची ताकद शाबूत राहिली आहे ना, यावर नजर ठेवू देणं.

कारण दुसरे : मळमळ आणि उलटी

प्रोपोफॉलच्या भुलीनंतर उलट्या कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उलटी किरकोळ वाटते, पण ताज्या टाक्यांनिशी उलटी म्हणजे पाठीला हिसका. तोंडाने औषध राहत नाही, मूल उठून बसायला तयार होत नाही, आणि सावरणं लांबतं. मुलाला प्रवासात गाडी लागत असेल तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. अशा मुलांना भुलीनंतर उलटीचा धोका जास्त असतो आणि प्रतिबंधक औषध आधीच देता येतं.

कारण तिसरे : वेदना

रेमिफेंटानिलचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. हा त्याचा फायदा, कारण मूल लवकर जागं होतं. हीच अडचणही, कारण वेदना एकदम जाणवू शकते. त्यामुळे ते बंद करण्याआधीच पॅरासिटामॉल, मॉर्फिन यांसारखी दुसरी औषधं सुरू केलेली असावी लागतात. वेगवेगळ्या प्रकारची औषधं थोडी थोडी मिळून दिली की एकाच औषधाचा मोठा डोस लागत नाही, गुंगी आणि बद्धकोष्ठता कमी होते.

मग एकच भूल सर्वांत चांगली का?

नाही. डेस्फ्लुरेनच्या भुलीतूनही रुग्ण झटकन जागा होतो. दोन्ही मार्गांतला फरक मुख्यतः पहिल्या काही तासांत, फार तर पहिल्या एक-दोन दिवसांत जाणवतो. पुढचं बरं होणं वेदना आटोक्यात ठेवणं, लवकर उठून चालणं, आहार आणि व्यायाम यांवर जास्त अवलंबून असतं. वयस्कर रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गोंधळलेपण येऊ शकतं, पण त्याला वय, आजार, वेदना, अपुरी झोप अशी अनेक कारणं असतात.

मात्र एका बाबतीत निवड जिवाची असते. काही घराण्यांत वायूच्या भुलीने ताप आणि स्नायूंचा ताठरपणा धोकादायक वेगाने वाढण्याचा आनुवंशिक दोष असतो. स्नायूंच्या डुशेन आजारातही या वायूंनी स्नायूंची गंभीर हानी होऊ शकते, आणि या आजारातल्या मुलांना कण्याचा बाक येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून "आमच्या काकांना भुलीत काहीतरी झालं होतं" ही घरातली जुनी गोष्ट लपवू नका. ती सांगितली की औषधाची निवडच बदलते.

पालकांनी भूलतज्ज्ञांना काय सांगावं, काय विचारावं?

- घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, हे सांगा.
- दमा, फिट्स, ॲलर्जी, चालू असलेली सर्व औषधं (आयुर्वेदिक काढेसुद्धा) सांगा.
- कोणती भूल देणार आणि का, हे विचारा.
- शस्त्रक्रियेनंतर वेदना व उलटीसाठी काय योजना आहे, हे विचारा.
- उपाशी राहण्याच्या वेळा लिहून घ्या. साधारणपणे हलकं अन्न 6 तास आधी, साधं पाणी 2 तास आधी बंद करतात. "थोडा चहा-बिस्कीट चालतं" असं मनाने ठरवू नका. पोटातलं अन्न फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

शिक्षकांनी काय करावं?

पालथं झोपवून शस्त्रक्रिया होत असल्याने चेहऱ्यावर थोडी सूज आणि नळीमुळे घसा बसणं काही दिवस दिसू शकतं. मूल साधारण 3 ते 6 आठवड्यांनी शाळेत येतं, नेमकी वेळ डॉक्टर ठरवतात. दप्तर उचलायला लावू नका. पुस्तकांचा एक संच वर्गातच ठेवा. तासाला एकदा उठून चालू द्या. सुरुवातीला लवकर थकवा येतो, लक्ष कमी लागतं. "भुलीने डोकं मंद झालं" असं कोणी म्हणालं तर वर्गातच थांबवा. मोठ्या शस्त्रक्रियेतून शरीर सावरतंय, त्याला वेळ द्या.

आपल्या शाळेत असं एखादं मूल असेल तर हा लेख त्याच्या पालकांना जरूर वाचून दाखवा. उपचाराचा निर्णय मात्र डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.