अभ्यासकांचे ज्ञान आणि सार्वजनिक धोरण : नवी मुंबईच्या निर्मितीतील अनुभव

प्रस्तावना

वाशी, नेरूळ, बेलापूर किंवा खारघर येथे राहणारा नागरिक आपल्या वसाहतीचा उल्लेख सहजपणे ‘नोड’ असा करतो. दैनंदिन व्यवहारात रुळलेल्या या शब्दामागे एका अर्थशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आहे, याची जाणीव मात्र क्वचितच आढळते. नवी मुंबई हे शासकीय निर्णयातून निर्माण झालेले शहर आहे हे खरे असले, तरी त्या निर्णयापूर्वी सुमारे एक तप वास्तुरचनाकार, अभियंते व अर्थशास्त्रज्ञ यांच्यात या प्रश्नावर जाहीर विचारमंथन चालू होते. त्यामुळे अभ्यासकांचे ज्ञान सार्वजनिक धोरणापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, तेथे त्याचे काय होते आणि ते कोठे अपुरे पडते, हे समजून घेण्यासाठी नवी मुंबईचा इतिहास उपयुक्त ठरतो. प्रस्तुत लेखात या इतिहासातील अभ्यासकाच्या तीन भूमिकांचा परामर्श घेतला असून, महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने त्यांचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई बेटावरील लोकसंख्या व उद्योगांची गर्दी हा शासनापुढील गंभीर प्रश्न बनला होता. १९५८ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमण्यात आलेल्या अभ्यासगटाने १९५९ मध्ये ठाणे खाडीवर पूल बांधून मुख्य भूमीवर वसाहत विकसित करावी, असे सुचविले. याच सुमारास विद्यापीठीय पातळीवरही शहराचा अभ्यास सुरू होता. डी. टी. लकडावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली मुंबईची आर्थिक पाहणी मुंबई विद्यापीठाने १९६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रोजगार, वेतन व राहणीमान यांविषयीची अशी पाहणी कोणत्याही एका योजनेसाठी केलेली नसते; परंतु योजनांचा विचार करण्यासाठी लागणारी वस्तुनिष्ठ भूमी तीच तयार करते.

पहिली भूमिका : स्वयंप्रेरित अभ्यासक

१९६४ साली मुंबई महानगरपालिकेने शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या सूचना व हरकती मागविल्या. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी या आवाहनाला प्रतिसाद दिला. मुंबईची वाढ उत्तरेकडे एकाच रेषेत होत राहिल्यास वाहतुकीवरील ताण वाढतच जाईल. त्याऐवजी खाडीपलीकडील मुख्य भूमीवर नवे शहर वसवून विकासाची दिशा पूर्वेकडे वळवावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. मुल्कराज आनंद यांच्या संपादकत्वाखालील ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या जून १९६५ च्या अंकात ही कल्पना सविस्तर मांडण्यात आली.

या तिघांपैकी कोणीही ही मांडणी शासनाच्या नियुक्तीवरून केलेली नव्हती. पालिकेने कायद्यानुसार उघडलेल्या एका सामान्य दारातून त्यांनी प्रवेश केला. त्यांचे यश तीन गोष्टींत शोधावे लागते. निर्णय अद्याप झालेला नसताना त्यांनी मत मांडले. केवळ विरोध न करता पर्याय दिला. आणि तो पर्याय खासगी निवेदनापुरता न ठेवता प्रसिद्ध करून सर्वांच्या टीकेसाठी खुला केला. पुढे सिडकोच्या स्थापनेनंतर कोरिया यांनी मुख्य वास्तुरचनाकार म्हणून काम पाहिले, तर पटेल यांच्याकडे सुरुवातीच्या वर्षांत नियोजनाची प्रमुख जबाबदारी होती.

दुसरी भूमिका : समितीतील तज्ज्ञ

१९६५ सालीच महाराष्ट्र शासनाने मुंबई-पनवेल व पुणे या प्रदेशांच्या नियोजनाची तत्त्वे ठरविण्यासाठी प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक होते आणि पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी त्यांच्या नेतृत्वाखाली झालेली होती. १९६६ च्या अहवालात समितीने मुंबई परिसरातील औद्योगिक वाढीवर कठोर निर्बंध, उद्योगांचे नियोजनबद्ध विकेंद्रीकरण आणि मुख्य भूमीवर प्रत्येकी अडीच लाखांहून कमी लोकसंख्येच्या अनेक केंद्रांची मिळून वसाहत, अशा शिफारशी केल्या. आजचे ‘नोड’ हे या बहुकेंद्री कल्पनेचे अपत्य होय.

समितीच्या कार्याचे महत्त्व असे की, तिच्यामुळे एका प्रदेशाविषयीच्या विचाराला संस्थात्मक चौकट मिळाली. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला, १९६७ मध्ये मुंबई महानगर प्रादेशिक नियोजन मंडळ अस्तित्वात आले आणि या मंडळाने खाडीपलीकडील जुळ्या शहराची शिफारस केली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर वीस लाख लोकसंख्येचे शहर वसविण्याचे उद्दिष्ट पुढे ठेवण्यात आले. सिडकोचा १९७३ चा प्रारूप आराखडा शासनाने १९७९ मध्ये मंजूर केला.

तथापि, समितीचा अहवाल शासनावर बंधनकारक नसतो, ही या भूमिकेची मर्यादा आहे. नवे शहर मुंबईचा भार खऱ्या अर्थाने हलका करणार असेल, तर शासनाची मुख्य कार्यालये तेथे न्यावीत, अशी नियोजनकारांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बेलापूरला कोकण भवन उभे राहिले. मंत्रालय मात्र दक्षिण मुंबईतच राहिले आणि नरिमन पॉइंटची बांधकामेही वाढत गेली. शिफारशीचा सोयीचा भाग स्वीकारून गैरसोयीचा भाग बाजूस ठेवला, की मूळ कल्पनेचा तोल बिघडतो, हे येथे दिसून येते.

समितीपद्धतीची दुसरी अडचण पुढच्या पिढीत प्रकट झाली. धनंजयरावांचे सुपुत्र, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० साली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमण्यात आला. या गटाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र शासनाला अहवाल सादर केला. परंतु तो प्रसिद्ध होण्यासाठी माहिती अधिकाराखालील अर्ज आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंतची वाट चालावी लागली व अखेर मे २०१२ मध्ये तो जनतेसमोर आला. मधल्या नऊ महिन्यांत ज्यांच्या जमिनींविषयी तो अहवाल होता, त्यांच्यापुढे मूळ मजकूरच नव्हता. अशा पोकळीत तर्ककुतर्कांना वाव मिळतो आणि नंतर आलेले पुरावे ऐकून घेण्याची तयारी उरत नाही.

तिसरी भूमिका : प्रकल्पाचा सल्लागार

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या निमित्ताने अभ्यासकाची तिसरी भूमिका पुढे आली. या प्रकल्पासाठी उलवे नदीचा प्रवाह वळविणे, टेकडी सपाट करणे आणि खारफुटीचे क्षेत्र भरावाखाली आणणे आवश्यक होते. पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन आयआयटी मुंबईने केले, तर जलप्रवाहाविषयीचा अभ्यास पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने केला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अनेक अटींसह मंजुरी दिली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले.

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार असा अभ्यास करून घेण्याची व त्याचा खर्च उचलण्याची जबाबदारी प्रकल्प राबविणाऱ्या यंत्रणेवर असते. यामुळे संशोधकाच्या प्रामाणिकपणावर आपोआप शंका घेणे अन्यायाचे होईल. परंतु कोणते प्रश्न विचारायचे, हे सल्लागाराच्या कार्यकक्षेत आधीच ठरलेले असते. ‘हा प्रकल्प येथे कसा करावा’ आणि ‘हा प्रकल्प येथे करावा काय’ हे भिन्न प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे उत्तर म्हणून वापरले जाण्याचा धोका असतो. अर्थसाहाय्य कोणाचे व कार्यकक्षा कोणती, हे स्पष्टपणे नमूद करणे हा त्यावरील किमान उपाय होय. स्वतंत्र अभ्यासकांनी त्याच विषयावर समांतर मांडणी करणे, हा अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

न विचारलेला प्रश्न

या तिन्ही भूमिकांत एक उणीव समान आढळते. नव्या शहराचे अर्थकारण एका सूत्रावर उभे होते : शासनाने जमीन संपादित करावी, विकासामुळे तिची किंमत वाढावी आणि त्या वाढीतून शहराच्या सोयींचा खर्च भागवावा. नियोजनशास्त्राच्या दृष्टीने हे सूत्र समर्थनीय होते. मात्र त्या वाढीव किमतीत भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या ९५ गावांतील आगरी-कोळी व अन्य रहिवाशांचा वाटा किती, या प्रश्नाला आराखड्यात मध्यवर्ती स्थान मिळाले नाही. त्याचे उत्तर अखेर आंदोलनातून आले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना अस्तित्वात आली.

येथे तज्ज्ञांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु खाडीची भरती-ओहोटी, खारबंदिस्तीची व्यवस्था आणि जमिनीवरील कुळांचे व वहिवाटीचे हक्क यांचे ज्ञान ज्यांच्याजवळ होते, त्यांना नियोजनात जाणकार म्हणून स्थान नव्हते. अभ्यासकांनी वेळेवर न विचारलेला प्रश्न पुढे रस्त्यावर विचारला जातो आणि तेव्हा त्याची किंमत अभ्यासक चुकवीत नाहीत.

महाविद्यालयीन अध्यापकांपुढील संधी

कोरिया, मेहता व पटेल यांनी वापरलेले दार आजही उघडे आहे. नगररचना अधिनियमानुसार प्रत्येक प्रारूप विकास आराखड्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविणे आणि त्यांवर सुनावणी घेणे बंधनकारक आहे. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत नगररचना व पर्यावरण या विषयांतील जाणकारांनाही स्थान असते. १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आलेल्या नवी मुंबई महानगरपालिकेने आपला प्रारूप विकास आराखडा २०२२ मध्ये या प्रक्रियेसाठी प्रसिद्ध केला. अशा प्रक्रियेचा परिणाम होत नाही, हा समजही बरोबर नाही. २०१५ साली मुंबईच्या प्रारूप आराखड्यातील त्रुटींवर तज्ज्ञ व नागरिक यांनी घेतलेल्या आक्षेपांनंतर राज्य शासनाने त्याची फेररचना करण्याचा आदेश दिला होता.

महाविद्यालयाजवळ यासाठी लागणारी सामग्री असते. भूगोल विभाग पाणथळ जागांचे नकाशे तयार करू शकतो, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभाग खारफुटी व पक्ष्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवू शकतात, तर समाजशास्त्राचे विद्यार्थी गावठाणांची पाहणी करू शकतात. अडचण आहे ती मान्यतेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत धोरणविषयक दस्तऐवजासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर १०, राष्ट्रीय पातळीवर ७ आणि राज्य पातळीवर ४ गुण ठेवण्यात आले. महानगरपालिका वा ग्रामपंचायत यांसाठी स्वतंत्र तरतूद नव्हती. वास्तविक स्थानिक प्रश्नांवर अध्यापकाचा अधिकार सर्वांत मोठा असतो.

समारोप

नवी मुंबईच्या अनुभवावरून असे म्हणता येते की, अभ्यासकाचे मत धोरणाला वळण देऊ शकते. मात्र ते निर्णयापूर्वी, उघडपणे आणि पर्यायासह मांडले गेले पाहिजे. ज्यांच्या जीवनावर निर्णयाचा परिणाम होणार आहे, त्यांच्या भाषेत ते उपलब्ध असणे ही चौथी अट होय. इंग्रजी नियतकालिकातील शोधनिबंध विद्याशाखेपुरता पुरेसा असेल. परंतु सुनावणीस येणाऱ्या शेतकऱ्याच्या वा मच्छीमाराच्या हाती दोन पानांचे अचूक मराठी टिपण देणे, हेही संशोधकाचे कर्तव्य मानले पाहिजे. १९६५ साली तीन व्यक्तींनी एका सार्वजनिक सूचनेला उत्तर दिले आणि एका शहराचा पाया घातला गेला. त्या वेळी ज्यांचे उत्तर कोणी मागितले नाही, त्यांच्यापर्यंत पुढील सूचना पोहोचविणे, हे आजच्या अध्यापकवर्गापुढील कार्य आहे.