यामिकीच्या गृहपाठात विद्यार्थ्यांस मदत कशी करावी?

गृहपाठ म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या विचाराने करावयाचा अभ्यास होय. परंतु गती व बल यांवरील उदाहरण अडले म्हणजे खेड्यातील पुष्कळ मुलांस घरी विचारण्याजोगे कोणी नसते. अशा मुलास आधार काय तो शाळेतील शिक्षकांचाच. वरच्या वर्गात गेलेले जुने विद्यार्थीही वही घेऊन आपल्या पहिल्या गुरुजींकडेच येतात. म्हणून ही मदत कोणत्या रीतीने द्यावी, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

उत्तर सांगून टाकणे ही खरी मदत नव्हे. सूत्रात आकडे घालण्याची हातोटी मुलास लवकर साधते. परंतु उदाहरणाची भाषा थोडी बदलली की ते पुन्हा अडते. याचे कारण असे की, यामिकीच्या बाबतीत मुलाचे मन कोरे नसते. ढकलणे थांबले की हातगाडी थांबते, हे त्याने रोज पाहिलेले असते. त्यावरून ‘गती आहे तेथे त्या दिशेने बल असलेच पाहिजे’ अशी त्याची समजूत झालेली असते. ॲरिस्टॉटलसारख्या थोर विचारवंताचेही मत असेच होते. गाडी थांबते ती घर्षणामुळे, हे ध्यानी येण्यास गॅलिलिओचे प्रयोग आणि १६८७ साली प्रसिद्ध झालेला न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ यांची वाट पाहावी लागली. जे उमगण्यास विद्वानांना शतकानुशतके लागली, ते मुलास एका पाठात उमगले नाही तर त्यावर रागावणे योग्य नव्हे. त्याची समजूत प्रथम ऐकून घ्यावी.

एक उदाहरण घेऊ. ‘पाण्याने भरलेली १० किलोग्रॅम वस्तुमानाची बादली विहिरीतून एकसारख्या वेगाने वर ओढली जात आहे. बादलीजवळ दोरात ताण किती?’ बहुतेक मुले सांगतात, ‘बादली वर जाते, म्हणून ताण वजनापेक्षा जास्त.’ येथे ‘चूक’ असे न म्हणता शिक्षकांनी क्रमाने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : विचार कोणत्या वस्तूचा करावयाचा? उत्तर, केवळ बादलीचा. तेव्हा वहीत एकट्या बादलीची आकृती काढवून घ्यावी.

दुसरा प्रश्न : बादलीला कोण ओढते? मूल पुष्कळदा ओढणाऱ्याचा हात दाखविते. परंतु हात दोराला लागलेला आहे, बादलीला नव्हे. बादलीला लागलेला आहे तो दोर. आणि स्पर्श न करता खाली ओढते ती पृथ्वी. हवेचा अत्यल्प परिणाम सोडून दिला, तर दोनच बाण निघतात : वर ताण, खाली वजन.

तिसरा प्रश्न : वेग बदलतो आहे काय? नाही. मग दोन्ही बाण सारखेच असले पाहिजेत. वजन १० × ९.८ = ९८ न्यूटन; म्हणून ताणही ९८ न्यूटन.

यानंतर उदाहरण किंचित बदलावे. ओढण्यास आरंभ करताना बादलीचा वेग दर सेकंदाला ०.५ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात वाढत असेल, तर १० × ०.५ = ५ न्यूटन इतके अधिक बल लागेल व ताण १०३ न्यूटन होईल. काठाजवळ वेग कमी होत असता तोच ताण ९८ न्यूटनहून कमी भरेल. हे मुलाने आपण होऊन सांगितले, तर विषय समजला असे मानण्यास हरकत नाही. शाळेत ताणकाटा असल्यास त्याला दगड टांगून तो सावकाश, एकसारखा उचलावा व मग हिसका देऊन उचलावा. काट्यावरील फरक डोळ्यांनी पाहिल्यावर मुलाची शंका पुष्कळ अंशी फिटते.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : उदाहरण समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे व शेवटी मागे वळून पाहणे. यांपैकी शेवटची पायरी वर्गात बहुधा गाळली जाते. ‘उत्तराचे एकक बरोबर आहे काय? एवढे बल माणसाच्या हाताला शक्य आहे काय?’ हे दोन प्रश्न प्रत्येक उदाहरणाच्या अखेरीस विचारण्याची सवय लावावी.

एखादे उदाहरण शिक्षकांसही लगेच सुटणार नाही. त्यात कमीपणा नाही. अशा वेळी मुलाशेजारी बसून आकृतीपासून आरंभ करावा. विचार कसा करतात, हे पाहावयास मिळणे हाही मुलास मोठाच पाठ होय. दुसऱ्या दिवशी त्याच जातीचे एक उदाहरण त्यास एकट्याने सोडविण्यास द्यावे. ते सुटले तर मदत सार्थकी लागली असे समजावे. न सुटल्यास उत्तर न सांगता पुन्हा आकृतीपासून आरंभ करावा.