स्कूटरचा टायर बदलताना

“टायर तो टायर! काळा आणि गोल. त्यात काय एवढं बघायचं?” असं आमचे हे म्हणाले होते. आता म्हणत नाहीत. माझ्या डाव्या मनगटाकडे बघतात आणि गप्प बसतात.

माझं सासर मार्गासनीच्या पुढे, साखरच्या वाटेवर. आम्ही राहतो पुण्यात, धनकवडीला. पण भातलावणीला दोन दिवस तरी गावी यायचंच, हा सासूबाईंचा नेम. २०२३ च्या जुलैत ह्यांना रजा मिळेना, म्हणून मी आणि वन्सं माझ्याच स्कूटरवरून निघालो. चेलाडी फाट्याला वळलो, नसरापूर मागे पडलं. रिमझिम पाऊस, दोन्ही बाजूंना हिरवीगार खाचरं, वन्संच्या गप्पा चाललेल्या. मार्गासनीच्या अलीकडे एका वळणावर चिखलणी आटोपून एक ट्रॅक्टर नुकताच रस्त्यावर आला होता आणि त्याच्या चाकांचा गारा डांबरावर पसरला होता. मी वेगात नव्हते, ब्रेकही हलकाच दाबला. पण पुढचं चाक असं काही सटकलं, की वन्सं खाचरात आणि मी रस्त्यावर! त्यांना चिखलाखेरीज काही लागलं नाही. माझं मनगट मात्र सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होतं.

गाऱ्यावर कुठलाही टायर घसरेल, हे मला मान्य आहे. पण स्कूटर दुरुस्तीला टाकली तेव्हा मेकॅनिकने पुढच्या टायरवर नख दाबून दाखवलं. रबर दगडासारखं! आणि हा टायर तर मी दोनच महिन्यांपूर्वी घेतला होता. एका दुकानात ‘शेवटचा पीस आहे, ताई, स्वस्तात देतो’ म्हणाले आणि मी भुलले. खाचा अगदी कोऱ्या, चकचकीत. मेकॅनिकने कडेवरचे चार आकडे वाचायला सांगितले : १२१६. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१६ सालच्या बाराव्या आठवड्यातला माल! माझ्या घरी येण्याआधी सात वर्षं तो दुकानातच पडून होता.

मैत्रिणींनो, आपण कुकरची रबरी रिंग वापरलेली नसली तरी जुनी झाली की कडक होते, हे जाणतो. टायरचंही तसंच. न वापरताही रबर म्हातारं होतं आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. तेव्हा दुकानात पहिल्यांदा किंमत विचारू नका, हे चार आकडे वाचा. अलीकडच्या वर्षाचा माल मागा. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा.

दुसरी गोष्ट मापाची. पूर्वी घरोघरी चेतक होती, तेव्हा तिची तिन्ही चाकं, स्टेपनी धरून, एकाच मापाची. पुढचं मागे, मागचं पुढे करून माझ्या वडिलांनी एकेक टायर वर्षानुवर्षं पुरवला. आता तसं राहिलं नाही. ॲक्टिव्हाच्या जुन्या गाड्यांत दोन्ही चाकांना ९०/१००-१० हे माप असे. २०२० मध्ये आलेल्या ६जीमध्ये मागे तेच, पण पुढे ९०/९०-१२. म्हणून शेजारणीच्या गाडीवरून आपल्या गाडीचं माप ठरवू नका. आपल्या टायरच्या कडेवर किंवा गाडीच्या पुस्तकात जे असेल ते कागदावर लिहून न्या. ट्यूबलेस आहे की ट्यूबचा, तेही लिहा. मापापुढे ‘५३ जे’ असं काही दिसेल. त्यातला ५३ म्हणजे तो टायर २०६ किलोपर्यंत भार पेलतो, आणि ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंत चालतो. मूळ टायरवरच्यापेक्षा कमी आकडा घेऊ नये. आयएसआयची खूणही बघावी.

मग काटकसर करायची तरी कुठे? नावात करा. मोठ्या जाहिरातीचा आणि साधा टायर यांच्या किमतीत चांगलाच फरक असतो. माप, भार, खूण आणि तारीख बरोबर असेल तर गावातल्या-बाजारातल्या फिरण्याला साधाही पुरतो. दोन-तीन दुकानांत विचारावं, आणि भाव बसवणावळ, नवा व्हॉल्व्ह अन् करासकट विचारावा, नाहीतर बिलाच्या वेळी आकडा फुगतो. बिल घ्याच, टायर सदोष निघाला तर तेच कामी येतं. रिमोल्ड केलेला टायर फार स्वस्त मिळतो, पण स्कूटरला, विशेषतः पुढच्या चाकाला, मी तो लावणार नाही.

आपल्याकडे आणखी एक युक्ती चालते. मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून नवा मागे घालायचा आणि तो झिजलेला पुढे. माप जुळत असलं तरी हे करू नका. मागचं चाक घसरलं तर कधीकधी सावरता येतं. पुढचं घसरलं तर सावरायला क्षणही मिळत नाही. मी सांगते, अनुभवाने!

टायर संपला हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. कडेवर छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं शोधा. त्यासमोरच्या खाचेत रबराचा बारीक उंचवटा असतो. वरचं रबर झिजून त्याच्या पातळीला आलं, की टायर संपला. आणि मृगाची वाट बघू नका, मे महिन्यातच बदला. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर थोडा निसरडाच असतो, तेव्हा ते अंतर कोरड्या रस्त्यावर, हळू काढलेलं बरं. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी.

वन्सं अजूनही माझ्या मागे बसतात, पण निघण्यापूर्वी वाकून पुढच्या टायरवर नख दाबून बघतात. तो १२१६ चा टायर सासूबाईंच्या अंगणात आहे. त्यांनी त्यात माती भरून अबोली लावली आहे.