पन्नाशीतला ‘कशासाठी?’

अमेरिकेत शिकागोच्या रश विद्यापीठात १९९७ पासून एक अभ्यास चालू आहे. त्यात नाव नोंदवणाऱ्या ज्येष्ठांना दोन गोष्टी कबूल कराव्या लागतात. दरवर्षी स्मरणशक्तीच्या आणि प्रकृतीच्या तपासण्या करून घ्यायच्या आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी द्यायचा. त्यामुळे माणूस हयात असताना कसा होता याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि त्याच माणसाचा मेंदू, असं दोन्ही संशोधकांना ताडून पाहता येतं.

पॅट्रिशिया बॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा २४६ व्यक्तींच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अल्झायमरमध्ये अमायलॉइड या प्रथिनाचे थर मेंदूत साचतात आणि टाऊ या प्रथिनाचे गुंते पेशींमध्ये तयार होतात. हा कचरा जितका जास्त, तितकी बुद्धी खालावलेली असणार, हा सरळ हिशेब. प्रत्यक्षात तो सगळ्यांना सारखा लागू पडत नव्हता. मेंदूत तेवढाच रोग असूनही काहींची विचारशक्ती इतरांपेक्षा चांगली टिकली होती. आपल्या जगण्याला काही हेतू आहे, असं हयातीत प्रश्नावली भरताना ठामपणे सांगणारी ती माणसं होती. त्यांच्याही मेंदूत रोग शिरला होता, पण त्याला पूर्ण वसुली करता आली नव्हती. याच गटाने २०१० मध्ये नऊशेहून अधिक ज्येष्ठांच्या पाहणीत दाखवलं होतं की, हेतूची भावना प्रबळ असणाऱ्यांची अल्झायमरपासून दूर राहण्याची शक्यता ती क्षीण असणाऱ्यांच्या मानाने सुमारे २.४ पट होती.

ही माणसं ऐंशीच्या घरातली होती. पण रोगाला तोंड देणारी मेंदूची अशी गंगाजळी ऐंशीव्या वर्षी एकाएकी जमत नाही. ती भरायची ती त्याआधीच्या वर्षांत. म्हणून या संशोधनाचा खरा रोख वृद्धापकाळाइतकाच मध्यवयावर आहे. मुलं हाताशी आलेली, कर्ज फिटत आलेलं, नोकरीत जे मिळायचं ते मिळून चुकलेलं आणि तरीही ‘आता पुढे कशासाठी?’ हा प्रश्न डोकं वर काढणारं, असं हे वय.

संकट नक्की किती मोठं?

मध्यवयातल्या या अस्वस्थतेला नाव दिलं ते एलियट जॅक्स या मूळच्या कॅनडातल्या मनोविश्लेषकाने. १९६५ च्या निबंधात त्याने चित्रकार, संगीतकार, लेखक अशा ३१० कलावंतांची चरित्रं धुंडाळली. पस्तिशीच्या आसपास मृत्यूची जाणीव माणसाला गाठते आणि त्याचं काम एक तर आटतं नाही तर नवं वळण घेतं, असं त्याने मांडलं. ‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्दप्रयोग तिथून निघाला आणि कादंबऱ्या-सिनेमांतून जगभर पोहोचला. खुद्द जॅक्स त्यानंतर २००३ पर्यंत जगला आणि उतारवयातही संस्थांच्या रचनेवर पुस्तकं लिहीत राहिला.

कल्पना लोकप्रिय झाली, पुरावा मात्र पातळ निघाला. अमेरिकेत १९९५ साली ‘मिडस’ नावाची मोठी पाहणी सुरू झाली. २५ ते ७४ या वयातल्या सात हजारांहून अधिक लोकांचा मागोवा तिने घेतला. त्यातल्या एका उपअभ्यासात समाजशास्त्रज्ञ एलेन वेदिंग्टन यांनी लोकांना थेट विचारलं, तेव्हा आपल्याला असं संकट आल्याचं सांगणारे सुमारे २६ टक्के निघाले. त्यातल्याही अनेकांच्या त्रासाचं कारण वय नव्हतं. नोकरी गेली, घटस्फोट झाला, जवळचं माणूस गेलं, अशा कुठल्याही वयात येऊ शकणाऱ्या घटना त्यामागे होत्या.

मग मध्यवयात काहीच घडत नाही का? घडतं, पण ते स्फोटासारखं नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ब्लँचफ्लॉवर यांनी १४५ देशांची आकडेवारी तपासली. समाधानाचा आलेख तरुणपणापासून हळूहळू उतरतो, अठ्ठेचाळिशीच्या आसपास तळ गाठतो आणि पुन्हा वर चढतो, असं त्यांना दिसलं. यावर वाद आहेत. एकाच माणसाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तर असा आलेख नेहमी मिळत नाही, आणि शेती-शिकारीवर जगणाऱ्या अनेक समाजांत तो दिसतच नाही. तिथे समाधान उतरतं ते अंगातली कामाची ताकद उतरते तसं. म्हणजे पन्नाशीची मरगळ हा काही शरीरात घातलेला गजर नव्हे. माणूस कुठे, कसा जगतो आणि त्याच्यावाचून कुणाचं काय अडतं, याच्याशी तिचा संबंध दिसतो.

हेतू मोजायचा कसा?

‘जगण्याचा हेतू’ म्हटलं की प्रवचनाचा वास येतो. प्रयोगशाळेत तो आणला कॅरोल रिफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी. मनाचं आरोग्य म्हणजे नुसती खुशी नव्हे, असं म्हणत त्यांनी १९८९ मध्ये त्याचे सहा पैलू वेगळे केले. स्वतःचा स्वीकार, चांगली नाती, स्वायत्तता, परिस्थितीवरची पकड, वाढत राहणं आणि सहावा, हेतू. प्रत्येकासाठी विधानं दिलेली असतात आणि ती आपल्याला किती लागू पडतात ते सांगायचं. पुढच्या काळासाठी काही योजना आहेत का, रोजची कामं क्षुल्लक वाटतात का, आयुष्यात करण्यासारखं सगळं करून संपलं असं वाटतं का, अशा अर्थाची ती विधानं असतात. या मापात वय वाढेल तशी घसरण दिसते आणि तिची सुरुवात मध्यवयानंतर होते.

इथे ‘ध्येय’ आणि ‘हेतू’ यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. फ्लॅट घेणं, मुलीला इंजिनीअर करणं ही ध्येयं. ती गाठली की संपतात. हेतू संपत नाही, तो नवी ध्येयं पुरवत राहतो. पंचवीस वर्षं ध्येयांच्या मागे धावलेल्या माणसाला ती गाठल्यावर पोकळी जाणवते ती यामुळे.

शरीराला काय कळतं?

पॅट्रिक हिल आणि निकोलस तुरियानो यांनी २०१४ मध्ये ‘मिडस’मधल्या सहा हजारांहून अधिक लोकांची १४ वर्षांची माहिती तपासली. त्या काळात ५६९ जण मरण पावले होते. हेतूची भावना जास्त असणाऱ्यांचा मृत्यूचा धोका कमी होता. हा फायदा तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध अशा सर्वांना सारखाच मिळत होता आणि माणूस निवृत्त आहे की नोकरीत, याने त्यात फरक पडत नव्हता. जपानमध्ये ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांहून अधिक लोकांना एकच प्रश्न विचारला होता, तुमच्या जगण्यात ‘इकिगाई’, म्हणजे जगावंसं वाटण्यासारखं काही, आहे का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा पुढच्या सात वर्षांतला मृत्यूचा धोका दीडपट निघाला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंत हा फरक दिसला, कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र दिसला नाही.

हा तपशील महत्त्वाचा आहे. हेतू हे काही सर्वरोगहारी औषध नाही, त्याच्या वाटा ठरावीक दिसतात. एक वाट ताणाची. विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टेसी शेफर यांच्या गटाने लोकांना अप्रिय चित्रं दाखवली आणि अधूनमधून अचानक मोठा आवाज केला. दचकल्यावर डोळ्यांची उघडझाप किती जोरात होते, यावरून मन अजून त्या चित्रात किती अडकलं आहे ते कळतं. चित्र पाहताना त्रास सगळ्यांनाच झाला. हेतूची भावना जास्त असणारे त्यातून लवकर सावरले. दुसरी वाट सवयींची. पन्नाशीपुढच्या सात हजार अमेरिकन लोकांच्या सहा वर्षांच्या पाहणीत हेतूच्या सहा पायऱ्यांच्या मापावर एकेक पायरी चढावी तशा रुग्णालयातल्या रात्री १७ टक्क्यांनी कमी होत गेल्या. हीच माणसं कोलेस्टेरॉल आणि कर्करोगाच्या तपासण्याही वेळेवर करून घेत होती. ज्याला उद्या काहीतरी करायचं आहे, तो स्वतःची काळजी घेतो.

आधी कोंबडी की अंडं?

इथे शंका घेणं आवश्यक आहे. आजारी माणसाचा उत्साहच मावळतो. मग हेतू नसल्याने आजार आला, की आजार आल्याने हेतू गेला? संशोधक आधीचे आजार, नैराश्य, शिक्षण आणि उत्पन्न यांचा हिशेब वजा करून पाहतात. तरी काही संबंध उरतोच. पण संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि कुणाला हेतू देऊन किंवा काढून घेऊन प्रयोग करता येत नाही. शिवाय ज्याचा सगळा दिवस पोट भरण्यात जातो, त्याने प्रश्नावलीत कमी गुण मिळवले तर तो दोष त्याचा म्हणता येणार नाही.

प्रयोगाच्या सर्वांत जवळ जाणारं काम बाल्टिमोर शहरात झालं. ‘एक्स्पीरियन्स कोअर’ या उपक्रमात साठीपुढच्या लोकांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कुणाची निवड न करता, दोन गटांत वाटलं. एका गटाने आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला शिकवलं, ग्रंथालय सांभाळलं, भांडणं सोडवली. दोन वर्षांनी, पुढच्या पिढीसाठी आपण काही करू शकतो ही भावना या गटात दुसऱ्या गटापेक्षा जास्त होती. थोड्या जणांच्या मेंदूची छायाचित्रंही काढली होती. शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये मेंदूचा आकार घटण्याऐवजी किंचित वाढलेला दिसला. स्त्रियांमध्ये फरक तितका स्पष्ट नव्हता. गट लहान होता, म्हणून जपून बोलायला हवं. मात्र या लोकांना कुणी हेतू शोधायला सांगितलं नव्हतं. त्यांना वेळापत्रक दिलं होतं आणि वाट पाहणारी मुलं दिली होती.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्येच मध्यवयाचा पेच असा मांडला होता की, माणूस पुढच्या पिढीसाठी काही घडवतो, नाहीतर स्वतःतच साचून राहतो. बाल्टिमोरच्या शाळांनी त्याला मोजमापाचा आधार दिला.

कर्व्यांचं उदाहरण

हेतू कुठून येतो, याच्या तीन वाटा टॉड कॅशडन आणि पॅट्रिक मॅकनाइट यांनी २००९ मध्ये मांडल्या. माणूस हळूहळू, प्रयत्नाने स्वतःच त्याकडे वळतो. एखादा आघात त्याला वळवतो. किंवा दुसऱ्याचं काम पाहून तो शिकतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात तिन्ही वाटा भेटतात. १८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि आपल्या मुरूड गावातल्या लोकांचा बहिष्कार सोसला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवता शिकवताच १८९६ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचं काम उभं केलं. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ मध्ये, ५८ व्या वर्षी, अवघ्या पाच विद्यार्थिनींवर त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. तेच आजचं एसएनडीटी. ते १०४ वर्षं जगले. त्यांच्या दीर्घायुष्याचं श्रेय हेतूला देता येणार नाही, एका माणसावरून विज्ञान निष्कर्ष काढत नाही. मात्र एवढं दिसतं की, ५८ व्या वर्षीचं काम ३८ व्या वर्षी सुरू केलेल्या कामातून निघालं होतं.

महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी आजही ५८ व्या वर्षीच निवृत्त होतात. आयुर्मान वाढल्याने त्यापुढची पंधरा-वीस वर्षं हाताशी असतात. गृहिणींच्या वाट्याला निवृत्तीचा समारंभ येत नाही, पण मुलं पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी गेली की त्यांचीही एक नोकरी संपलेली असते. देशातल्या ४५ वर्षांपुढच्या लोकांची सर्वांत मोठी पाहणी, ‘लासी’, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने होते आणि तिच्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक लोक होते. वार्धक्य समजून घ्यायचं तर साठीपासून नव्हे, पंचेचाळिशीपासून पाहावं लागतं, हे या पाहणीच्या वयोमर्यादेतूनच दिसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो हेतूचा प्रश्न समजून अंगावर काढू नये. ते नैराश्य असू शकतं. थायरॉइड किंवा रजोनिवृत्तीच्या काळातले बदलही असू शकतात. आधी डॉक्टरांना भेटावं. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

बाकीच्यांसाठी संशोधनाचा कौल साधा आहे. हेतू नुसता विचार करून सहसा सापडत नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडता पडता तो घडतो आणि त्याला वर्षं लागतात. म्हणून पेन्शनचे कागद भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका. पंचेचाळिशीतच, चालू नोकरीसोबत, आठवड्याचे काही तास एखाद्या शाळेला, वाचनालयाला, संस्थेला किंवा शेजारच्या चार मुलांना ठरवून द्या. तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी फोन करून विचारेल, असं काम निवडा.