जुना फ्लॅटबेड स्कॅनर, त्याचा ड्रायव्हर आणि मराठीचा अनुस्वार

महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठीचे अध्ययन दीर्घकाळ चालत आले, तेथे तेथे मराठी ग्रंथ, मासिके व कागदपत्रे यांचा लहानमोठा साठा झालेला आढळतो. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद सर्वश्रुत आहेत. परंतु अनेक विभागांच्या कपाटांतून पडून असलेल्या जुन्या नियतकालिकांची गणतीही झालेली नसते. कागद पिवळा पडून ठिसूळ झाला, की पान उलटतानाच तुटते. अशा पानाची प्रतिमा घेण्याची संधी बहुधा एकदाच मिळते. ही प्रतिमा घेण्यासाठी महागडे नवे यंत्र हवे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः विभागाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला वीस वर्षांपूर्वीचा फ्लॅटबेड स्कॅनर या कामास पुष्कळदा पुरेसा असतो. अडचण यंत्रात नसून त्याला चालविणाऱ्या ड्रायव्हरमध्ये, आणि त्याहूनही अधिक, त्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये असते.

प्रथम यंत्राची जात ओळखली पाहिजे. जुन्या फ्लॅटबेड स्कॅनरांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात काचेखालून दिवा सरकतो, पानाचे प्रतिबिंब आरशांच्या व भिंगाच्या साहाय्याने लहान करून सीसीडी नामक प्रकाशग्राही पट्टीवर पाडले जाते. हे यंत्र जाड व जड असते, त्याला स्वतंत्र वीजजोडणी लागते आणि त्याचा नळीदिवा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. दुसऱ्या प्रकारात, ज्यास सीआयएस म्हणतात, पानाच्या रुंदीएवढीच ग्राहकपट्टी काचेच्या अगदी लगत सरकते आणि तांबड्या, हिरव्या व निळ्या एलईडी आळीपाळीने उजळतात. कॅननचा कॅनोस्कॅन लाइड 20 हा या दुसऱ्या जातीचा. पातळ, हलका आणि यूएसबीच्या तारेतूनच वीज घेणारा. हा भेद केवळ माहितीपुरता नाही. सीसीडी यंत्रास काचेपासून काही मिलिमीटर उचललेला मजकूरही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो; सीआयएस यंत्रास मात्र काचेला टेकलेला तेवढाच दिसतो. जाड बांधणीच्या ग्रंथात शिवणीकडील अक्षरे दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात धूसर येतात, आणि कोणतेही सेटिंग बदलून ती सुधारत नाहीत. सुट्या पानांसाठी सीआयएस, बांधलेल्या ग्रंथासाठी सीसीडी, अशी विभागणी करणे इष्ट होय.

आता ड्रायव्हरविषयी. ज्याला सामान्यतः एकच ड्रायव्हर म्हटले जाते, त्यात प्रत्यक्षात दोन थर असतात. खालचा थर संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात राहून तारेवरून यंत्राशी संवाद करतो. वरचा थर वापरणाऱ्यास सेटिंगची खिडकी दाखवितो आणि आलेली प्रतिमा इतर प्रोग्रॅमच्या हवाली करतो. या वरच्या थरासाठी 1992 साली ट्वेन नावाचा प्रमाणसंकेत ठरला. त्या काळी स्कॅनर आणि संगणक यांची गाठ घालणे किती दुर्घट होते, हे सुचविण्यासाठी हा शब्द किपलिंगच्या पूर्व-पश्चिमेवरील पोवाड्यातून उचलला गेला. किपलिंगचा जन्म 1865 साली मुंबईत झाला, एवढाच या प्रकरणाचा महाराष्ट्राशी संबंध. पुढे 2000 साली मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये डब्ल्यूआयए ही स्वतःची व्यवस्था आणली. तिची खिडकी सुटसुटीत, पण सेटिंग मोजकीच. ज्या यंत्रास दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत, त्याने ग्रंथसंरक्षणाच्या कामी ट्वेनचाच मार्ग धरावा.

जुने यंत्र नव्या संगणकावर चालत नाही, याचे कारण या दोन थरांच्या रचनेत सापडते. 32 बिटांचा वरचा थर 64 बिटांच्या विंडोजवरही 32 बिटांच्या प्रोग्रॅमबरोबर निमूटपणे चालू शकतो. खालच्या थरास ही सवलत नाही. गाभ्यात शिरणारा भाग 64 बिटांचाच असावा लागतो आणि त्यावर अधिकृत स्वाक्षरी असावी लागते. अनेक उत्पादकांनी जुन्या नमुन्यांसाठी असा भाग कधी तयारच केला नाही. परिणामी काच, दिवा, मोटर सर्व शाबूत असलेली यंत्रे भंगारात गेली. ग्रंथालयांच्या दृष्टीने हा अपव्यय अनाठायी होता.

यावरील मार्ग लिनक्सवर उपलब्ध आहे. नव्वदीच्या दशकात आकारास आलेली सेन ही मुक्त व्यवस्था प्रत्येक यंत्रकुलासाठी स्वतंत्र भाग पुरविते आणि यंत्राशी स्वतःच बोलते. उत्पादकाच्या ड्रायव्हरची तिला गरज पडत नाही. लाइड 20 हे यंत्र तिच्यातील प्लस्टेक नावाच्या भागाकडून चालविले जाते. नावावरून गोंधळू नये. भागाचे नाव यंत्रातील चिपच्या कुळावरून ठरते, खोक्यावरील छापावरून नव्हे. जोडणी करताना प्रथम सेन-फाइंड-स्कॅनर ही आज्ञा द्यावी. तिने यंत्र दाखविले नाही तर दोष तारेत किंवा विजेत आहे. तिने दाखविले, पण स्कॅनइमेजच्या यादीत ते आले नाही, तर योग्य भाग निवडला गेलेला नाही. प्रशासकाच्या खात्यातून दिसते आणि सामान्य खात्यातून दिसत नाही, अशी स्थिती असल्यास प्रश्न केवळ परवानगीचा असतो. या तीन पायऱ्या क्रमाने तपासल्यास यंत्र बिघडले आहे असा घाईचा निष्कर्ष बहुधा टळतो. काही यंत्रे मात्र अशी आहेत, की वीज जाताच ती स्वतःचा अंतर्गत प्रोग्रॅम विसरतात. तो फर्मवेअर दर वेळी संगणकानेच पाठवावा लागतो. ती फाइल मूळच्या सीडीतून काढून सेनच्या संबंधित विन्यास-फाइलमध्ये तिचा पत्ता लिहावा लागतो. यास्तव जुन्या स्कॅनरची सीडी निरुपयोगी म्हणून फेकू नये.

यंत्र चालू झाले, की खऱ्या कामास आरंभ होतो. ड्रायव्हरची मूळ सेटिंग कार्यालयातील टंकलिखित पत्र डोळ्यांपुढे ठेवून ठरविलेली असतात: पांढरा कागद, काळीभोर शाई, रोमन अक्षरे. शंभर वर्षांपूर्वीचे देवनागरी पान यांपैकी एकाही अटीत बसत नाही. सर्वांत घातक सेटिंग म्हणजे काळा-पांढरा मोड. यात प्रत्येक बिंदूची उजळता 0 ते 255 या मापावर मोजली जाते आणि एका ठरावीक उंबरठ्याखालील सर्व काळे, वरील सर्व पांढरे, असा निवाडा यंत्र जागीच देऊन टाकते. उंबरठा बहुधा मध्यावर, 128 च्या आसपास असतो. समजा, पिवळट कागदाची उजळता 170 आहे आणि फिकट उमटलेल्या अनुस्वाराची 140. तो अनुस्वार पांढरा ठरतो, म्हणजेच नाहीसा होतो. उंबरठा 160 पर्यंत चढविला तर अनुस्वार परत येतो, पण त्याबरोबर कागदावरील तपकिरी डागही काळे ठिपके होऊन शिरोरेषेवर जाऊन बसतात.

रोमन लिपीत एखाद्या आयच्या डोक्यावरील टिंब गेले तरी वाचकाचे फारसे अडत नाही. मराठीत ‘त्यांचा’ मधील टिंब गेले की ‘त्याचा’ होते. अनेकांचे एकाचे होते. ‘घरांत’ आणि ‘घरात’ यांचीही तीच गत. शिवाय 1962 च्या लेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीवर आधारलेले अनुच्चारित अनुस्वार वगळले गेले. तत्पूर्वीच्या छापील मजकुरात ‘केलें’, ‘नाहीं’, ‘घरें’ यांवरील टिंबे हा भाषेच्या इतिहासाचा पुरावा आहे. यंत्राने गाळलेले टिंब आणि लेखकाने न दिलेले टिंब यांत भेद करण्याचे साधन प्रतिमा पाहणाऱ्या पुढील अभ्यासकापाशी उरत नाही. मूळ पान तोवर चुरा झालेले असेल, तर संशयनिवारणही अशक्य. म्हणून मूळ प्रत सदैव राखाडी छटांत किंवा रंगांत घ्यावी. काळी-पांढरी प्रत हवी असल्यास ती नंतर संगणकावर, मूळ प्रत शाबूत ठेवून करावी. तेथे उंबरठा दहा वेळा बदलून पाहता येतो.

रिझोल्यूशनचा विचारही टिंबावरूनच करावा. 0.4 मिलिमीटर व्यासाचा अनुस्वार घेतला, तर इंचास 150 बिंदूंच्या घनतेत त्याच्या वाट्यास आडवे जेमतेम अडीच बिंदू येतात, 300 च्या घनतेत पावणेपाच आणि 600 मध्ये नऊ-साडेनऊ. साध्या छापील मजकुरास 300 पुरे. बारीक टीपा, शिळाप्रेसवरील पोथ्या आणि जोडाक्षरांनी गजबजलेला मजकूर यांस 600 घ्यावे. त्यापलीकडे सहसा जाऊ नये. खोक्यावर 9600 सारखा आकडा छापलेला असला, तरी तो मधले बिंदू अंदाजाने भरून काढलेला असतो. लाइड 20 ची रुंदीतील खरी क्षमता 600 च आहे. जागेचा हिशेबही ध्यानात ठेवावा. ए4 आकाराचे पान 300 च्या घनतेत राखाडी छटांत सुमारे 8.7 मेगाबाइट आणि रंगांत 26 मेगाबाइट होते. 600 ला हे आकडे चौपट होतात. यूएसबी 1.1 ची तार सेकंदास फार तर दीड मेगाबाइट वाहून नेते, त्यामुळे 600 च्या घनतेतील रंगीत पानास मिनिटाहून अधिक काळ लागणारच. यंत्र मध्येच थांबते, किंचित मागे जाते व पुन्हा चालू लागते, हा बिघाड नव्हे. तारेवरील गर्दी ओसरण्याची ती प्रतीक्षा असते.

छटांसंबंधी एकच नियम सांगता येईल: स्वयंचलित उजळता बंद करावी. ती चालू असता प्रत्येक पानास वेगळे माप लागते, आणि एकाच ग्रंथाची पाने पांढऱ्या, करड्या, पिवळ्या अशा चित्रविचित्र रांगेत उभी राहतात. ग्रंथातील सर्वांत फिकट व सर्वांत गडद अशी दोन पाने आधी पाहून काळ्या व पांढऱ्या टोकाचे मूल्य आणि गॅमा ठरवावा, व तोच शेवटपर्यंत ठेवावा. पांढरे टोक कागदाच्या रंगाच्या किंचित वर असावे. कागद शुभ्र दिसावा या हव्यासाने ते खाली ओढल्यास फिकट शाईही धुऊन निघते.

रंगाबाबत हस्तलिखिते वेगळी पडतात. पिवळे-तपकिरी डाग तांबड्या प्रकाशात फिके दिसतात, म्हणून छापील पुस्तकाची केवळ तांबडी वाहिनी निवडणे सोयीचे ठरते. परंतु पोथ्यांतील हिंगुळाने लिहिलेले दंड, ओवीचे आकडे आणि पुष्पिका तांबड्याच असतात. त्या वाहिनीत त्या जवळजवळ लोप पावतात. काही यंत्रे राखाडी मोडमध्ये तीनपैकी एकाच रंगाच्या दिव्याने वाचतात, हे ध्यानात ठेवून पोथी नेहमी पूर्ण रंगांतच घ्यावी, मग जागा कितीही लागो.

ड्रायव्हरच्या खिडकीत धूळ काढणे, ठिपके काढणे, धार वाढविणे अशी जी लोभस नावे दिसतात, ती सर्व बंद ठेवावीत. ठिपका काढणाऱ्या गाळणीस डाग आणि अनुस्वार यांतील फरक कळत नाही. छायाचित्रांतील जाळीदार ठसे पुसणारी डीस्क्रीन गाळणी फक्त चित्रांच्या पानांपुरती उपयुक्त. मजकुरावर तिने धारा बोथट होतात. साठवण टिफ स्वरूपात, हानीरहित संकोचाने करावी. संकोचाविषयीची दक्षता अनाठायी नाही. 2013 साली जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले, की काही प्रतियंत्रांच्या स्कॅनमध्ये 6 च्या जागी 8 येत होता. सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच मानण्याची संकोचपद्धती त्यास कारणीभूत होती. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ अशी जवळची रूपे असलेल्या लिपीस ही पद्धती किती महाग पडेल, याची कल्पना करता येते.

राहिली यंत्राची निगा. काचेच्या कडेखाली एक पांढरी पट्टी असते. प्रत्येक वाचनापूर्वी यंत्र तिच्यावरून पांढऱ्याचे माप घेते. तिच्यासमोरील काचेवर धूळ बसली तर प्रत्येक पानावर त्याच जागी उभी रेघ उमटते, आणि दोष पानाचा समजला जातो. प्लस्टेकच्या विन्यास-फाइलमध्ये हे माप साठवून ठेवण्याची सोय आहे. तिने वेळ वाचतो, पण काच पुसल्यानंतर साठवलेले माप काढून टाकून नवे घ्यावे लागते. पातळ कागदाच्या मागील बाजूची अक्षरे पुढे झिरपत असतील, तर पानामागे काळा कागद ठेवावा. झाकणाची पांढरी पाठ ती अक्षरे अधिकच उजळून दाखविते. निवडलेली सर्व मूल्ये, यंत्राचे नाव आणि दिनांक एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ती प्रतिमांच्याच संचात ठेवावी. काम आटोपून यंत्र दुसऱ्या खोलीत न्यावयाचे असल्यास आतील पट्टी एका कडेस आल्यावर बुडाशी असलेली कुलपाची कळ लावावी, आणि पुन्हा जोडण्यापूर्वी ती आठवणीने काढावी. कळ लावलेल्या यंत्राची मोटर घरघरते, पट्टी हलत नाही, आणि ड्रायव्हर मात्र केवळ त्रुटीचा संदेश देऊन मोकळा होतो.